खिडकीसाठी हलवलेलं गाव

आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिने एका जुन्या उमरावाचा महाल दाखवायला नेलं. दगडी खांब, उंच छत, आणि दिवाणखान्याच्या भल्यामोठ्या खिडकीतून थेट तळ्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ. मध्ये एकटंच लहानसं चर्च.

"तिथे पूर्वी गाव होतं," माहिती सांगणारी बाई हसत म्हणाली. "खिडकीतून झोपड्या दिसायच्या, म्हणून मालकांनी ते टेकडीपलीकडे हलवलं."

ह्यांचं स्वतःचं गाव लहानपणीच धरणाच्या पाण्यात गेलं. हे लेकीला म्हणाले, "विचार तिला, लोकांना आधी विचारलं होतं का?"

लेकीने विचारलं. बाई गोंधळली. "ते कुणालाच ठाऊक नाही," म्हणाली.

पुढची दालनं मी पाहिली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक सुंदर खिडकीपाशी वाटे, इथून काय काय हटवलं असेल? वळून पाहिलं तर हे सोबत नव्हते. शोधत बाहेर आले, तर हे हिरवळीवर उभे. गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे अजून कळत होते.

ह्यांनी बूट काढून हातात घेतले होते.

"तूही काढ गं चपला," हे म्हणाले. "कुणाचं तरी घर आहे."