दादाच्या परीक्षेची तयारी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मीही असं काही कधी लिहिलेलं नाही. शिवाय हे घडलं ते माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत. त्याला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितोय. कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

दादा आमच्या वडिलांसोबत, अप्पांसोबत, अहमदपूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. भरलेलं पोतं एकटा पाठीवर घेतो, पण चपला उलट्या घालतो आणि दहाची नोट कोणती, पन्नासची कोणती, त्याला कळत नाही. बसस्टँडजवळच्या हॉटेलात काही माणसं त्याला रोज चिडवायची.

"तुझ्या मायला ट्रकवाला घेऊन गेला की रे भोकरला!"

एवढं ऐकलं की दादा खांबावर डोकं आपटून घ्यायचा. मग ती माणसं हसायची आणि त्याला भजी द्यायची.

एक दिवस त्यातल्या एकानं चिडवता चिडवता त्याच्या मानेला पेटती बिडी लावली. दादानं भाजीच्या गाड्यावरचं दोन किलोचं वजन उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. जबडा मोडला. बाकीच्यांनी दादाला बाकड्याच्या फळीनं मारलं, पडला तरी मारलं. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. केस दादावरच झाली.

जामीन झाल्यावर वकील म्हणाले, "डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा. पोराला समज कमी आहे हे कागदावर आलं, तर कोर्टात बोलता येईल. नाहीतर शहाणासुरता माणूस म्हणून आत जाईल."

त्यासाठी लातूरला बुद्धीची तपासणी होते. तिथं प्रश्न विचारतात, हे अप्पांना कुणीतरी सांगितलं. प्रश्न विचारतात म्हणजे परीक्षा. आणि परीक्षा अप्पांनी एकच पाहिली होती, माझी. मला त्यांनी मारून मारून बारावी केलं होतं.

मी नांदेडच्या कॉलेजातून तपासणीच्या आदल्या संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा दादा भिंतीला टेकून बसला होता. अप्पांच्या हातात पोती बांधायची पिळलेली सुतळी होती.

"नाव सांग. गाव सांग. उद्या वार कोणता?"

दादा अडखळला की सुतळी तळहातावर बसायची. कातडी फुटली होती.

"अप्पा, मारू नका. त्याला येत नाही हेच तर दाखवायचंय."

"गप रे! साहेबापुढं पोरगं मुकं बसलं तर हमालाचं पोरगं म्हणतील. तू काय पोटातून शिकून आला व्हतास?"

सकाळी मायनं माझ्या बारावीला लावली होती तशी दादाच्या कपाळाला विभूती लावली, हातावर दही-साखर ठेवली. फुटलेल्या हातावरची साखर त्यानं हळूच चाटली.

लातूरला तपासणाऱ्या बाई प्रेमानं बोलल्या. दादानं न विचारताच नाव, गाव, वार एका दमात म्हणून टाकलं. मग बाईंनी अप्पांना विचारलं, स्वतःची आंघोळ करतो का, पैसे मोजतो का, एकटा रस्ता ओलांडतो का. अप्पा ताठ बसून म्हणाले, "समदं येतंय, बाई. लई हुशार हाय."

पंचवीस टक्के आले. हे टक्के अपंगत्वाचे; चाळीसच्या आतला कागद आमच्या कामाचा नव्हता.

"पंचवीस?" बाहेर आल्याबरोबर अप्पांनी चप्पल काढली. "एवढं शिकवून पंचवीस?" फटके दादाच्या तोंडावर, कानावर, बंद डोळ्यावर पडत होते. मी त्यांचा हात धरला.

"टक्के कमी म्हणजे तो शहाणा ठरला, अप्पा! तुम्हीच ठरवलंत!"

त्यांनी मलाही एक ठेवून दिली. दादा माझ्या मागून दोन्ही तळहात पुढं करून म्हणत होता, "आज सोमवार. आज सोमवार." सोमवारच होता.

मी पुन्हा तपासणीचा अर्ज भरला आणि नांदेडला परतलो. टक्क्यांचं अप्पांना कळलं की नाही, मला माहीत नव्हतं. बरेच दिवस फोन नाही. मी केला तर माय म्हणायची, "तपासणीची तारीख न्हाई आली." मग एका दुपारी तिचाच फोन आला.

"लातूरच्या बाईनं ह्या बारीला नाव इचारलं, तर त्यानं हात पुढं केले बघ. काहीबी इचारा, हातच पुढं. बाई म्हणल्या, कोण मारतंय ह्याला? तुझा बाप म्हणला, मी."

"मग?"

"मग रडला. म्हणला, ह्याला काही येत न्हाई, बाई. पैसे कळत न्हाईत, चपला बी उलट्या घालतो. म्या खोटं सांगितलं व्हतं." मग तिनं निकाल सांगितला. "पन्नास आले. वकील म्हणले, आता बोलता येतंय."

मग मायनं विचारलं, "ह्याला कुणी मारायचं न्हाई, असं लिवलंय का रे त्या कागदावर?"

"न्हाई, माय," मी म्हणालो. "तसं न्हाई लिवलेलं."