थोरल्यांचा अर्धा भात

आमच्या घरात थोरले माझ्याशी कधी बोलत नसत, आणि तरी त्यांच्या पोटापायी मी जेवढी पळाले तेवढी माझ्या लेकरांमागंही पळाले नसेन. थोरले म्हणजे माझ्या मालकांचे मोठे भाऊ. आमच्याकडे धाकट्या सुनेनं मोठ्या दिरासमोर पदर पुढे घ्यायचा आणि आड व्हायचं. त्यांना पाणी हवं असलं की ते छपराकडे बघून म्हणायचे, "आई, पानी मिळंल का?" सासूबाई अंगणात असल्या तरी. मग त्या तिकडून ओरडायच्या, "पानी दे गं," आणि त्यांच्या आधी ऐकलेली मी तेव्हा कुठे उठायची. मला मुळातच बोलायचा संकोच. पण ही रीत पाळता पाळता कधी कधी वाटायचं, एकदा तांब्या आपटावा.

जाऊबाई लवकर वारल्या, त्यामुळे थोरल्यांचं ताट माझ्याकडेच होतं. आधी ते शेतात राबायचे तेव्हा परातभर भात खाऊनही पोट पाठीला लागलेलं असायचं. पुढे धरणाच्या काठावर रिसॉर्ट झालं आणि ते तिथे गेटवर बसायला लागले. खुर्ची मिळाली, टोपी मिळाली, आणि पाहुणे जेवून गेल्यावर उरलेलं पनीर आणि गुलाबजामही मिळायला लागले. ते खाऊन घरी आले की पुन्हा परातभर भात. "तितलं खाल्लेलं जेवन न्हवं, ते नुसतं चाखलं," असं म्हणायचे. शर्टाची खालची बटणं मी लावून लावून थकले.

पोट वाढलं म्हणून कुणाचं अडलं नसतं, पण आमच्या घराला देवीच्या काठीचा मान होता. चैत्रातल्या जत्रेला वेळूची उंच काठी, वर रंगीत कापडं बांधलेली, गावातून डोंगरावरच्या देवळापर्यंत उभी धरून न्यायची. बूड कमरेच्या चामडी पट्ट्यात आणि हात वर. ती घरातल्या थोरल्या लेकानंच धरायची. वाटेत जमिनीला टेकली तर मान जातो आणि खालच्या आळीतल्या भावकीला मिळतो. ती टेकते का हे बघायला त्यांचा माणूस पाठोपाठ चालतो. थोरल्यांच्या मागे त्या आळीतले त्यांचे चुलतभाऊ बबन चालायचे. पोट सुटलं त्या साली शेवटच्या चढाला थोरल्यांचा दम संपला आणि काठी कलली. माझ्या मालकांनी धावत जाऊन खांदा दिला म्हणून वाचली. पंचांनी सांगितलं, या खेपेला सोडलं. पुढल्या साली कुणी हात लावायचा नाही.

थोरल्यांनी घरी येऊन छपराला सांगितलं, "आई, उद्यापास्नं मला अर्धा भात."

सासूबाईंनी ऐकलं आणि चुलीपाशी येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "अर्धाच वाढ. पन खाली तूप घाल, त्याला दिसंल असं नको." मी घातलं. थोरल्यांनी दुसऱ्या घासाला ओळखलं. "आई, तिला म्हनावं मला येडा समजू नको." सासूबाई लगेच माझ्याकडे वळल्या, "कशाला घालतीस गं तूप?" हे असं कितीतरी दिवस चाललं. आई-लेकाचं भांडण, आणि शिव्या माझ्या वाट्याला.

वजन बघायला ते भाताच्या गिरणीत जायचे. तिथे पोती तोलायचा काटा आहे. ते काट्यावर चढले की गिरणीवाला सगळ्यांदेखत विचारायचा, "थोरले, नुसतं तोलायचं का कोंडाबी काढायचा?" थोरले न हसता म्हणायचे, "तुज्या गिरणीत मावत असंल तर काड." तरी दर आठवड्याला जायचेच.

मग कुणीतरी डोक्यात भरवलं की घाम गेला की चरबी जाते. भर थंडीच्या दिवसांत ते रेनकोट घालून, टोपीची दोरी गळ्याशी आवळून, ताम्हिणीच्या रस्त्यानं झपाझपा चालायचे. पुण्याच्या गाड्या थांबायच्या. "काका, पुढे घाटात पाऊस आहे का?" थोरले थांबायचे नाहीत. "हाय," एवढंच म्हणायचे. लोक बिचारे काचा वर करायचे. घरी आल्यावर तो घामानं भिजलेला रेनकोट रोज मी धुवायचा. खाणं तर काकडी आणि लिंबूपाणी. रात्री ते कूस बदलायचे आणि पोट गुरगुरायचं, ते मला भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

काट्यावर वजन मात्र भराभर उतरलं. गावात सगळे वा वा करायला लागले. सासूबाई रडायला लागल्या. मला शर्ट धुताना दिसत होतं की खांदे उतरलेत, बाह्या लोंबतात, पोट मात्र पुष्कळसं जागच्या जागी. पण मी कुणाला सांगणार. संक्रांतीनंतर त्यांनी अंगणात एक ओला वेळू उभा धरून बघितला. तो थरथरला, कलला आणि गोठ्याच्या पत्र्यावर पडला. म्हैस दावं तोडून पळाली. थोरले तिथेच मातीत बसले. म्हैस शोधायला मी गेले.

रिसॉर्टवर पाहुण्यांना व्यायाम शिकवायला पुण्याचे एक सर येत. थोरल्यांनी त्यांना दंड दाखवला. सर काय म्हणाले ते त्यांनी घरी येऊन छपराला जसंच्या तसं सांगितलं: "काका, तुमची चरबी थोडी गेली आणि मांसच जास्त गेलंय. उपाशी राहिलात आणि जड काही उचललं नाही, तर शरीर दंड-मांड्याच खाणार. भात निम्मा ठेवा, पण प्रत्येक जेवणात डाळ, अंडी, मासे, दही असं काहीतरी पोटभर खा. वजन उचला. आणि घाई करू नका."

तेव्हापासून माझी घाई सुरू झाली. सकाळी अंडी, दुपारी घट्ट डाळ, संध्याकाळी धरणातले मासे. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि चतुर्थीला सासूबाई घरात अंडं येऊ द्यायच्या नाहीत, म्हणून त्या दिवशी मोडाची मटकी आणि हरभरे. म्हणजे आदल्या दिवशी भिजवायचे, बांधायचे, उंदरांपासून राखायचे. "आई, तिला म्हनावं मटकीला मोड बारीक हायेत." मोड काय मी ओढून लांब करू.

व्यायाम म्हणून ते भाताचं पोतं खांद्यावर घेऊन उठबस करायचे. एकदा पोत्याची शिवण उसवली आणि घरभर इंद्रायणी सांडली. मी ती सुपानं भरत असताना त्यांनी दुसरं पोतं उचललं. मग हंडे उचलायला लागले. विहिरीवरून दोन हातांत दोन हंडे आणायचे. वस्तीतल्या बाया मला म्हणायच्या, "तुझं बरं हाय बाई, दीर पानी भरतोय." सासूबाईंना लाज वाटायची, त्या दार लोटून घ्यायच्या. आणि थोरले हंडे आणून जमिनीवर ठेवायचे नाहीत, पुन्हा विहिरीवर घेऊन जायचे. त्यांना पाणी नकोच होतं, नुसतं वजन हवं होतं. मला पाणी हवं होतं, ते कुणाला सांगणार.

पण शिमग्यापर्यंत फरक दिसायला लागला. पट्टा एकेक भोक आत गेला आणि शर्टाचे खांदे पुन्हा भरले. काट्यावर मात्र वजन फारसं हललं नाही. गिरणीवाला म्हणाला, "थोरले, कोंडा गेला, तांदूळ ऱ्हायला." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

आणि जत्रा आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी सगळ्यावर पाणी ओतायचं ठरवलं. काठी धरणाऱ्याला जत्रेआधी आठवडाभर उपास असतो. दर साली ते खिचडी, रताळी खाऊन करायचे. या साली म्हणाले, "आई, गेल्या साली देवी कोपली म्हनून काठी कलली. औंदा मी नुसतं पानी पिनार." सासूबाईंनी हात जोडले. पहिल्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना तांब्या दोन्ही हातांनी उचलताना बघून माझं डोकं फिरलं. मी ताटात दही, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी आणि पेलाभर दूध घेतलं आणि त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. पदर कुठे होता मला माहीत नाही.

"दादा," मी म्हणाले, "एवढं महिनं चुलीम्होरं बसून तुमच्या दंडावर मांस चढीवलं मी. ते पान्यात घालवायचं हुतं तर आदीच सांगायचं. मी तरी निजले असते."

सासूबाईंच्या हातातली वात खाली पडली. थोरले सवयीनं छपराकडे बघत म्हणाले, "आई, ही काय म्हनतीया?"

"मला काय इचारतुयास," सासूबाई म्हणाल्या. "तुज्याशीच बोलतीया ती."

त्यांनी ताट ओढलं आणि सगळं खाल्लं.

जत्रेला आम्ही बाया मागून चालत होतो. वर बघायची माझी छाती नव्हती, म्हणून मी थोरल्यांच्या पायांकडे बघत होते. शेवटच्या चढाला त्यांचा दम पक्का होता, पण टाचेखालचा दगड घरंगळला. तोल गेला, काठीचं बूड पट्ट्यातून निसटून खाली आलं. त्याच क्षणी मागून बबनभावजींनी आपला पाय पुढे सरकवला आणि बूड त्या पायावर आलं. ते ओरडले नाहीत. थोरल्यांनी एकट्यानं, नुसत्या दंडांवर, काठी वर घेतली आणि पुन्हा पट्ट्यात बसवली. लोक वरच्या कापडांकडे बघत होते. कुणाला कळलं नाही.

देवळापुढे काठी उभी केल्यावर थोरल्यांनी कमरेचा पट्टा सोडला आणि बबनभावजींच्या हातात दिला. "पुढल्या सालापास्नं तुजं घर."

पंच म्हणाले, "आरं, तू नेलीस की वर. मान तुजाच हाय."

"हाय म्हनूनच देतोय," थोरले म्हणाले.

माझे मालक त्यांच्याशी पावसाळ्यापर्यंत बोलले नाहीत. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला तो लावलाच. आणि मी? ती अंडी, ते मासे, ते मोड, तो रेनकोट, सगळं दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकलं त्यांनी. संध्याकाळी मी ताट जरा जोरातच ठेवलं. थोरल्यांनी छपराकडे बघितलं नाही.

"तुला राग आलाय," ते म्हणाले.

"व्हय."

"बबनचा पाय सुजलाय. बघून आलो."

"मला दिसला हुता तवाच."

"मग कुनाला बोलली न्हाईस?"

"मला कुनी इचारतं का?"

त्यानंतर थोरले मला विचारायला लागले, आणि तो नवाच वैताग झाला. म्हैस विकू का, रिसॉर्ट सोडू का, हा शर्ट बरा दिसतो का, आज किती खाऊ. हात पिठात असला तरी दारात येऊन उभे. दोन वर्षांनी भर पावसात त्यांना ताप भरला आणि तो उतरेना. पौडच्या दवाखान्यात न्यायला जीप आली, मालकांनी त्यांना धरून उठवलं. ते उंबऱ्यात थांबले आणि वळून मला म्हणाले, "जाऊ का गं?"

पाऊस आत येत होता, चुलीवर दूध होतं. "जावा की," मी म्हणाले, "गाडी कवाची थांबलीया."

ते गेले, ते तेवढ्यावरच, आणि दवाखान्यातून परत आले नाहीत.