पल्याडची माती

आमचा चुलतभाऊ महादेवप्पा म्हंजे ताठा. म्हसोबाच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यावरून आमच्या गावाचं आन् वढ्यापल्याडच्या गावाचं आज्याच्या काळापासून वाकडं. गाव इसरलं असतं, पर ह्यो गडी इसरू देईल तर शप्पथ!

त्याची पोरगी आरती विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकली. पल्याडच्या रामलिंगचा पोरगा राघवेंद्र तिच्याच वर्गात. दोघांचं जमलं. पोरगं नोकरीला, निर्व्यसनी. पर अप्पाचं एकच, त्या गावच्या मातीत माणूस निपजत न्हाई. आरती भांडली न्हाई. दुसरी स्थळं मातर तिनं दाराबाहेरूनच वाटंला लावली.

औंदा अप्पाच्या शेततळ्यात खापरं निघाली, आन् त्यात एक साबूत मडकं. नांदेडच्या पुरातत्त्व खात्याच्या श्रद्धा मॅडम येऊन दोन हजार वर्षांचं हाय म्हणून गेल्या. झालं! मडकं ओसरीवर काचेच्या पेटीत बसलं, वर झेंडूचा हार. पल्याडचे झाडावर राहत होते तवा आमचे पूर्वज ह्यातलं पाणी पीत होते, असं ह्यो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचा.

मडकं कुठल्या मातीचं ते तपासायला मॅडमनी त्याचा बारीक टवका आन् दोन्ही शिवारांतली माती नेली. निकाल पारावर वाचा, असा हट्ट अप्पाचाच. रामलिंगला आवतनही त्यानंच धाडलं.

मॅडमनी सरळ सांगून टाकलं. आपल्या काळ्या रानात चुनखडी लई, भाजली की मडकं तडकतं. ह्यात चुना नावालाच, लोखंड मायंदाळ. माती पल्याडच्या तांबड्या माळाची, वाळू घालून मळलेली. मडकं तिकडंच घडलेलं असणार.

रामलिंगनं चहाची बशी खाली ठेवली.

"मग मडकं आमचं. उद्या गाडी धाडतो."

अप्पा दिवसभर जेवला न्हाई. मडकं गेलं की नाक गेलं. दिवस कलला तसा मला घेऊन पल्याड गेला. सोयरीक झाली तर दोन्ही घरं एकच, मग मडकं कुठं का असंना, असं त्यानं रामलिंगच्या गळी उतरवलं. सुपारी फोडूनच परतला आन् मडकं कसं राखलं ते हसतहसत घरात सांगत बसला.

आरतीनं ऐकून घेतलं.

"अप्पा, मी इतकी वर्षं तुमचा होकार मागत होते. तुम्ही मला मडक्यापायी दिलंत."

अप्पाचं हसू तिथंच विरलं. मला त्याचा राग आला होता, त्या घडीला कीवही आली.

लग्न थाटात झालं. पाठवणीला बघतो तर ओसरीवरची पेटी रिकामी. अप्पा मडकं पोटाशी धरून आला आन् गाडीत रामलिंगच्या मांडीवर ठेवलं. साऱ्या गावासमोर त्याचे डोळे वाहत होते.

"तुमची माती तुम्हाला. पोरगी मी पोरगी म्हणून देतोय."

आरती गाडीतून उतरली आन् बापाच्या गळ्यात पडली.