बिनचरबीची खळ

सोलापुरात आल्यावर पहिलं वर्षभर मला कुणी हाक मारली की मी हातातलं टाकून उभी राहायची. वाटायचं, आता 'निघा' म्हणणार. माझी शाळा चौथीत सुटलेली. गाव पार खाली कोकणात, सावंतवाडीच्याही पुढे. नवरा इथल्या गिरणीत बदलीवर, म्हणजे फाटकावर उभं राहायचं आणि नाव पुकारलं तर आत जायचं. अशा दोघांना अम्मांनी घरामागची खोली दिली, वर मला हाताला काम दिलं. त्या घरातल्या कामात मी कधी 'हे नको' म्हणेन, हे मला स्वतःलाही खरं वाटलं नसतं.

अम्मा तेलुगू विणकरांच्या घरातल्या. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डे खणून बसवलेले दोन हातमाग होते, त्यांवर त्यांचे दोन मुलगे बसायचे. थोरल्याला सगळी गल्ली अण्णा म्हणायची. अण्णा बोलायचे, धाकटे नुसते विणायचे. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या मी चरख्यावर भरायची आणि खळ शिजवायची. पहिल्याच दिवशी अम्मांनी विचारलं, "खळ येतंय का तुला करायला?"

"खळ नाही येत. पेज येते," मी म्हटलं.

"मग झालं की! त्यात मीठ नको घालू म्हणजे बास."

खरोखर पेजच ती. पिठाची पातळ कांजी शिजवायची, त्यात थोडं गोडंतेल सोडायचं आणि ताण्याच्या उभ्या सुताला चोपडायची. तशी चोपडली नाही तर सूत मागावर घासून तुटतं. हे काम गल्लीतच चाले. सकाळी उन्हं यायच्या आत ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचा आणि दोन्ही बाजूंनी लांब कुंचे फिरवत जायचं. सायकलवाले खाली वाकून जात. गल्लीतल्या बकऱ्यांना या खळीचा भारी सोस. नजर चुकवून येत आणि सूत चाटत. मग आरडाओरडा, हातात सापडेल ते घेऊन त्यांच्या मागे पळापळ.

त्यातली एक बकरी माझीच होती. दुष्काळाची वर्षं होती ती. पाण्याच्या शोधात मेंढरं घेऊन निघालेला एक मेंढपाळ आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. त्याच्या कळपात एक लंगडं करडू होतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "घेतीस का बाई? आमच्यासंगं हिला चालवंना. हितं तरी चार दिस जगंल."

"मला ठेवायला जागा नाही हो."

"बकरीला कसली जागा लागती? तू जितं बसशील तितं ती."

झालंही तसंच. मी चरख्याशी बसले की ती शेजारी. भाज्यांची देठं, साली तिला, आणि उरलेली खळ तर तिचा खाऊच. भांडी मी राखेनं घाशी, भांड्यांचं पाणी परसातल्या शेवग्याला जाई, लेंड्या त्याच्याच बुडाशी पडत. पायात टायरच्या चपला, कातड्याच्या कधी जमल्याच नाहीत. यात मोठा विचार काही नव्हता. टाकायला काही उरतच नव्हतं आणि मला ते बरं वाटायचं, एवढंच.

मग गोडंतेल मिळेनासं झालं. एका सकाळी अण्णांनी चुलीजवळ पत्र्याचा एक डबा आणून ठेवला. झाकण काढलं तर आत पांढरट गोळा.

"वैनी, आजपासून तेलाच्या जागी हे टाका. चरबी हाय. गिरण्यांत हेच वापरत्यात की."

मी टाकली. हवा अशी कोरडी पडली होती की ओठ फुटायचे तसं सूत तुटायचं, आणि चरबीनं ते मऊ राहायचं, हे खरं. गल्लीत ताणा लावला तर एकही बकरी फिरकली नाही. अण्णा कुंचा खांद्यावर टाकून हसले. "बघा! राखण करायला नको, काय नको."

पण दुपारी उरलेली खळ मी माझ्या बकरीपुढे ठेवली, तेव्हा तिनं एकदा हुंगलं आणि मागे सरली. माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी काही चेष्टा केली असावी. ती खळ मी गटारात ओतली. संध्याकाळपर्यंत वास सुटला. त्या घरात मी पहिल्यांदा काहीतरी फेकलं ते त्या दिवशी.

बकऱ्या गेल्या आणि उंदीर आले. सुतातल्या चरबीच्या वासानं ते मागाच्या खड्ड्यात उतरू लागले. सकाळी उठावं तर ताण्याला भोकं. अम्मांची एक मांजर होती, पिवळी, म्हातारी. अम्मांच्या ताटाशी बसून जेवायची. एवढे उंदीर तिच्यानं कुठले आवरणार? अण्णांनी पिठात औषध कालवून गोळ्या केल्या आणि मागांच्या खाली टाकल्या. उंदीर मेले, त्यातला एखादा मांजरीनं खाल्ला. ती दारात येऊन पडली तेव्हा अम्मा भाजीच्या टोपलीशी बसल्या होत्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेलुगूत काहीतरी बोलत राहिल्या. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला.

मांजर गेली आणि उंदीर आणखी वाढले. अण्णांनी आणखी गोळ्या केल्या. आणि मला म्हणाले, "वैनी, बकरी बांधून ठेवत जावा. पिठाचा वास घेत येईल नाहीतर."

बांधून ठेवली. ती दिवसभर ओरडे. गोळ्या कुठे कुठे पडल्यात ते खुद्द अण्णांनाही सांगता येईना. मी कांड्या भरताना अर्धं लक्ष तिच्या दाव्यावर. माझ्या मनात एकच पक्कं होत गेलं. ही चरबी या घरातून गेली पाहिजे. भीती होतीच. आम्हाला दुसरी खोली कुणी दिली नसती. तरी चहाच्या वेळी मी बोलले.

"अण्णा, एक ताणा मला बिनचरबीचा करू द्या."

"तेल कुठनं आणू? लाइनीत उभारून पण मिळंना."

"तेल माझ्या भाजीतलं घालते. करडईचं आहे, थोडंसं."

"आणि सूत तुटलं तर?"

तोंडातून निघून गेलं, "तर आम्ही खोली सोडू."

धाकटे विणायचे थांबले. अण्णांनी कप खाली ठेवला. "चरबीत काय वाईट हाय वैनी? आमच्यात मटण होतंय, तुमच्यात मासे होत्यात. बकरं कापल्यावर चरबी काय फेकून द्यायची? तुम्हीच तर काय फेकत न्हाई. आणि धोट्याला ठोका मारतंय ते कातडंच हाय की! ते बी काढू?"

या बोलण्याला माझ्याकडे तोड नव्हती. आजही पुरती नाही. मी म्हटलं, "कातडं मला काढता येत नाही. चरबी काढता येते. जे येतं ते करू द्या."

"करू दे की तिला," अम्मा म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझी मांजर गेली त्यात. करू दे."

घरी नवरा ऐकून म्हणाला, "मला विचारायचं तरी." बरोबरच होतं त्याचं. पण सकाळी पीठ त्यानंच चाळून दिलं.

ताणा गल्लीत लागला आणि बकऱ्या परत आल्या. माझी दाव्याला हिसके देत होती. मी एका हातात कुंचा, दुसऱ्या हातात शेवग्याची काठी अशी पुढेमागे धावत होते. समोरच्या घरातली मावशी उंबऱ्यावर बसून हसत होती. "काय ग, रांगोळी काढलालीस का गुरं राखलालीस?"

"दोन्ही!" मी ओरडले.

"चाटू दे की त्यान्ला! जेवण तर तूच केलंस!"

सूत वाळलं, मागावर चढलं. अण्णा बसले. सकाळी माग सुरळीत चालला, मला जरा हायसं वाटलं. दुपार चढली आणि सूत तुटायला लागलं. तटकन आवाज यायचा, माग थांबायचा, अण्णा गाठ मारायचे, पुन्हा तटकन. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघत. शेवटी धोटा बाजूला ठेवून उठले. "वैनी, खोलीचं बोललात ते बोललात."

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हटलं.

मी मागाशी खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. सकाळी हेच सूत तुटत नव्हतं. खळ तीच, हात तेच. बदललं होतं ते एवढंच की दारातून झळा येत होत्या आणि जमीन तापली होती. आमच्याकडे कोकणात दोरी कधी कोरडी ठणठणीत होत नाही, हवाच ओली. इथे हवेला ओल नाही, म्हणून सुताला चरबी पाजायची. मग सुताऐवजी हवेलाच पाजली तर?

पण पाणी? नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. प्यायचं पाणी जमिनीवर ओतते म्हटलं असतं तर गल्लीनं मला वेडी ठरवलं असतं. मी खोलीत जाऊन तांदूळ धुतलेलं पाणी आणलं, भांड्यांचं आणलं. शेवग्याला सांगितलं, थोडे दिवस तू थांब. सुताच्या गाठोड्यांची जुनी गोणपाटं त्यात भिजवली आणि दारांना, खिडकीला टांगली. खड्ड्याच्या कडांना पाणी शिंपडलं. एवढ्यानं भागेना. गोणपाटं बघता बघता वाळत होती.

अम्मा मोरीच्या दारातून बघत होत्या. आत गेल्या, आणि काही वेळानं परातीत बसून केलेल्या अंघोळीचं पाणी घागरीत भरून घेऊन आल्या. मी उठून घागर घ्यायला गेले तर म्हणाल्या, "माझं अंगाचं पाणी हाय, चालंल का तुझ्या सुताला?"

"चालेल अम्मा."

"उद्या ह्या दोघांनी पण परातीत बसून अंघोळ करायची," त्या मुलांकडे बघून म्हणाल्या. धाकटे हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

अण्णा परत मागावर बसले. सूत तुटलं, पण उशिरा. पुन्हा तुटलं, त्याहून उशिरा. अंधारून आलं तेव्हा माग चालू होता, आणि खोलीत ओल्या गोणपाटाचा वास भरला होता.

तो ताणा संपेपर्यंत मी गोणपाटं भिजवत राहिले. सगळं काही सरळ झालं असं नाही. खळीला उंदीर येतातच, नुसत्या पिठालाही येतात. मग ताणे आढ्याला टांगून ठेवायची सवय लावली, खाली काही सोडायचं नाही. काम थोडं हळू होई, अण्णा कुरकुरत. मटण त्यांच्याकडे होत राहिलं, आमच्याकडे हळूहळू बंद झालं. अंगाच्या साबणातही चरबी असते असं मावशीनं सांगितलं, तेव्हापासून शिकेकाई आणि बेसन. ठरवून काय सोडायचं ते मी तिथे शिकले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी हसलं, कुणीतरी घागर आणून दिली.

ताणा उतरला त्या दिवशी अण्णांनी चरबीचा डबा उचलला आणि कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याला देऊन आले. "फेकायचं कशाला," म्हणाले. खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती. अम्मांनीच पुढच्या ताण्याचं पीठ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "ह्या बारीला जरा घट्ट कर."

"करते. पण आधी गोळ्या काढायच्या, अम्मा."

अण्णांनी खांदे उडवले. "काढा की. तुमची बकरी, तुमच्या गोळ्या."

मी पदर खोचला, केरसुणी घेतली आणि मागाच्या खड्ड्यात उतरले. फळ्यांच्या फटीतून, कोपऱ्यांतून, पायानं दाबायच्या पायट्यांच्या खालून एकेक गोळी काढून फडक्यात बांधली. परसात खोल खड्डा काढून पुरली, वर दगड ठेवला. "झालं आता, सोडा तिला," अण्णा दारातून म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली, आणि एखादी गोळी राहिली असेल तर, म्हणून बकरी बांधलेलीच ठेवून पुन्हा मागाच्या खड्ड्यात उतरले.