पेनपकचा रक्ताचा रस्सा

थायलंडमधल्या लांपांगच्या सकाळच्या बाजारात डुकराच्या रक्ताचा रस्सा खावा तर पेनपकच्याच गाडीवर, असं निदान पेनपक तरी म्हणे. गोठलेल्या रक्ताच्या वड्या, कलेजी, वर तळलेला लसूण. बाळंतीण असो, तापकरी असो की नवऱ्याशी भांडून आलेली, पेनपकचं औषध एकच: "वाटीभर घे, रक्त वाढेल."

तिच्या लेकीच्याच अंगात रक्त टिकत नव्हतं. मिंत्राला जन्मापासून थॅलेसेमिया. दर महिन्याला इस्पितळात रक्त चढवायचं. नर्सनं पथ्य सांगितलं होतं, पण रक्ताचा धंदा करणाऱ्या बाईला रक्तातलं कोण शिकवणार? रोज सकाळी मिंत्रापुढे वाटी यायचीच.

मिंत्रा आता जिन्यावर मध्येच थांबू लागली. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात साचतं. हृदयाला ताण पडला की रक्तात एक द्रव्य वाढतं. ते तपासू. घरी खाते काय?"

पेनपकनं सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

निकाल येईपर्यंत पेनपक बाकावर बसून होती. गावाला पाजलं ते औषध आणि पोटच्या पोरीला विष. तेही हौसेनं, जास्तीचा लसूण घालून!

"हृदय सध्या ठीक आहे," बाई म्हणाल्या. "रक्त फार उतरलंय म्हणून दम लागतो. आज चढवू. सहा महिन्यांनी पुन्हा तपासू."

"मग माझा रस्सा..."

"तो बंद. त्यानंही लोह वाढतं. पण खरं लोह येतं रक्ताच्या पिशव्यांतून. तुमच्या वाटीत काही एवढी ताकद नाही, बाई."

पेनपकचा जीव भांड्यात पडला. आणि, सांगायलाही लाज वाटावी, थोडा रागही आला. ताकद नाही म्हणे! बाजारात विचारा कुणालाही.

"लोह बाहेर काढायच्या गोळ्या रोज घेते ना?"

मिंत्रा छताकडे बघू लागली. पेनपक मिंत्राकडे. वाटी रिकामी होईपर्यंत ती लेकीच्या डोक्यावर उभी राहायची, गोळीच्या वेळी मात्र गाडीवर गिऱ्हाईक असायचं.

दुसऱ्या दिवशी गर्दी खोळंबली तरी तिनं आधी गोळी दिली, गिळलेली पाहिली. मग भाताबरोबर नुसतं पालेभाजीचं पाणी. मिंत्रानं वाटी चाटूनपुसून साफ केली.

"आई गं, रक्त नसलं की तुझा रस्सा काय मस्त लागतो!"

"हळू बोल," पेनपक गिऱ्हाइकांकडे बघत पुटपुटली आणि पुन्हा वाटी भरली.