घरातली कोळंबी

वहिनी गेली त्याला आता सहा आठवडे होतील. इराचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून उभी होते. इरा माझी भाची, दादा-वहिनींची एकुलती एक मुलगी. गुरुग्रामला नोकरी करते आणि शनिवार-रविवार जोडून सुट्टी घेऊन आईकडे जयपूरला, खातीपुऱ्याच्या घरी आली होती. "आत्या, मम्मी उठतच नाहीये. जेवून झोपली होती... डॉक्टर म्हणतायत, मतलब..." पुढचं तिला मराठीतही बोलता येईना आणि हिंदीतही. मी पोहोचले तेव्हा घर शेजाऱ्यांनी भरलं होतं. वहिनी शांत झोपल्यासारखी दिसत होती, आणि हॉलच्या कोपऱ्यात तिची काचेची टाकी नेहमीसारखी बुडबुडत होती. मला त्या आवाजाचा राग आला, हे खरं सांगते.

वहिनी मालवणची. दादा सैन्यात, त्यामुळे लग्नानंतर देशभर बदल्या झाल्या आणि शेवटी निवृत्त होऊन दोघं जयपुरातच स्थिरावली. समुद्रापासून इतक्या लांब येऊन पडल्याचं तिला वाईट वाटत असणार, पण कुरकुर करणं तिच्या स्वभावात नव्हतं. टाकी मुळात दादाची. त्यात त्यानं हातभर लांबीचा एक तापट ऑस्कर मासा पाळला होता. त्या माशाला खायला म्हणून दुकानातून जिवंत पारदर्शक कोळंब्या आणायच्या, घोस्ट श्रिम्प म्हणतात त्या. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, आरपार दिसणाऱ्या, दोन काळे डोळे आणि पोटातला घास एवढाच काय तो रंग. एकदा पिशवी टाकीत रिकामी करताना वहिनीला एकीच्या पोटाखाली हिरवे ठिपके दिसले. तिनं तेवढीच वाटीनं बाजूला काढली. दादा म्हणाला, "अगं, चारा आहे तो." वहिनी म्हणाली, "असू दे. पोटुशीला कोण कुणाच्या तोंडी देतं?"

जन्मभर कोळंबीला हळद-मीठ चोळून जिची बोटं पिवळी झाली, तिनं हे म्हणावं! मालवणहून कुणी आलं की सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेऊन यायचं, आणि सोड्यांच्या कालवणाचा वास टाकीवरून हॉलभर पसरायचा. मी चिडवायची, "वहिनी, एकाच घरात दोन न्याय?" ती शांतपणे भात वाढत म्हणायची, "ती बाजारातली, ही घरातली."

त्या हिरव्या ठिपक्यांपासून पिल्लं जगवायला तिला दीड वर्ष लागलं. टाकीत मध्ये काच लावून तिनं ऑस्करच्या पलीकडचा एक कोपरा त्या पोटुशीला आणि आणखी काही कोळंब्यांना दिला. दुकानदार म्हणायचा, "मैडम, ये पालने की चीज़ थोड़े ही है." पहिली पिल्लं फिल्टरनं ओढून नेली, तर तिनं त्याच्या तोंडावर भांडी घासायचा कोरा स्पंज दोऱ्यानं बांधला. दुसरी पिल्लं त्यांच्या आयांनीच गट्ट केली, तर मादीला वेगळ्या बरणीत ठेवून, पिल्लं सुटली की लगेच आईला परत टाकीत सोडायची पद्धत तिनं बसवली. तिसरी उपासमारीनं गेली. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा त्या जिवांना खायला काय द्यायचं? मग तिनं गॅलरीत उन्हात पाण्याची एक बरणी ठेवली आणि तिच्यात शेवाळ धरू दिलं. ते हिरवं पाणी रोज चमचा चमचा. मे महिन्यात टाकीला ओलं फडकं गुंडाळून समोर कूलर लावायची, स्वतः मात्र स्वयंपाकघरात घामानं निथळत असायची. एका सकाळी तिनं मला फोन करून बोलावलं. उलटी लोंबकळत तरंगणारी पिल्लं आता सरळ चालायला लागली होती, आईबापांसारखी, नखाएवढी. मी भौतिकशास्त्र शिकवते, धीर धरा असं मुलांना रोज सांगते. धीर म्हणजे काय ते त्या दिवशी मी प्रत्यक्ष पाहिलं.

पुढे ऑस्कर गेला, मग दादाही गेला. टाकी पूर्णपणे कोळंब्यांची झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती समोर उभं करून सांगायची, "ही सगळी त्या पहिल्या पोटुशीची पतवंडं, खापरपतवंडं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की तिच्याबरोबर मीही म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. इरानं तिला महिनाभर गुरुग्रामला नेलं आणि टाकी माझ्यावर सोपवली. मी माझ्या मानसरोवरच्या घरून दिवसाआड स्कूटरनं जायची. खातीपुऱ्याचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीवर पांढरा थर चढतो. मला वाटलं, वहिनीचं इतकं सगळं बरोबर, पण पाणी काही चांगलं नाही. मी स्वतःच्या शहाणपणानं घरून आरओच्या पाण्याचे कॅन नेले आणि जवळजवळ सगळं पाणी बदललं. कोळंबी कात टाकते, नवं कवच धरायला तिला पाण्यातला तो चुनाच लागतो, हे मला कुठे ठाऊक... आठ दिवसांत एकेक कोळंबी अर्ध्या कातीत अडकून मेली. बरणीतली पिल्लंसुद्धा राहिली नाहीत.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. टाकी धुतली, बोअरचं पाणी भरलं आणि वैशाली नगरातली सगळी दुकानं फिरून नव्या कोळंब्या आणल्या. पोटाखाली हिरवं असलेली एक मुद्दाम शोधली. सगळ्या आरपार, कोण ओळखणार?

वहिनी काठी टेकत घरी आली, थेट टाकीपाशी गेली, बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बरी आहेत. दमलात हो वन्सं तुम्ही." माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर दर रविवारी तिनं मला पाणी बदलायला मदतीला बोलावलं. गुडघ्यांमुळे, असं म्हणायची. बादली उचलताना सहज सांगायची, हे जडच पाणी लागतं हो त्यांना, आणि एका वेळी थोडंच बदलायचं. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, सुटले.

तेरावा झाल्यावर इरा घराची आवराआवर करत होती. मी विचारलं, टाकीचं काय, दुकानात परत द्यायची का? ती म्हणाली, "नाही आत्या. मम्मीने सांगून ठेवलंय, टाकी तुलाच द्यायची."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "इरा, मला नको देऊस. मी एकदा त्या सगळ्या मारल्यात."

"माहितीये," ती म्हणाली. "मम्मीला पण माहीत होतं. त्याच दिवशी तिने मला फोनवर सांगितलं, ह्या आपल्या नाहीत."

"मग मला का नाही बोलली?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाली, बिचाऱ्या वन्सं किती दुकानं फिरल्या असतील पोटुशी शोधायला."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की गेल्या दोन वर्षांत वहिनीनं पतवंडांचं ते वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. माझ्यादेखत नाही, आणि इरा म्हणते, माझ्यामागेही नाही.

आता टाकी माझ्या हॉलमध्ये आहे. दर रविवारी खातीपुऱ्याहून बोअरच्या पाण्याचा एक कॅन भरून आणते. गेल्या आठवड्यात एकीला बरणीत वेगळं ठेवलं, पिल्लं सुटली, आणि तिला वेळेवर परत टाकीत सोडलं. समोरच्या शर्माजींच्या मिसेस पाहायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, दुकानातून आणल्यात का? मी म्हटलं, हो. आधीच्या माझ्या हातून मेल्या, म्हणून नव्या मी दुकानातून आणल्या. पुढच्या सगळ्या वहिनीनं वाढवल्या.