तार्मोचा साउना

तार्मो लेह्तिमाकी तांपेरे शहरातल्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि उरलेल्या वेळात खोड्या काढतो. खोड्यांचं ठिकाण म्हणजे एक जुना खेळ. चित्र नाही, आवाज नाही, सगळा कारभार अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं की पडद्यावर उमटतं, 'समोर अस्वल आहे, आणि ते उपाशी आहे.' देशोदेशीची माणसं एकाच रानात हिंडतात. खेळाचा कोड सगळ्यांना खुला. सुधारणा सुचली तर लिहून पाठवा. तार्मोच्या सुधारणा म्हणजे उचकी लागलेला राजा आणि गिऱ्हाईक आवडलं नाही तर दुकान बंद करून झोपणारा लोहार. लोक जाम खूश!

पण पठ्ठ्याच्या मनात एक काटा होता. थोरला भाऊ वेइक्को त्याच्याशी बोलत नव्हता. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. वडिलांची डांबर लावलेली काळी होडी तार्मोनं न विचारता पिवळी रंगवली. झालं! फोन उचलणं बंद, नाताळला येणं बंद. वेइक्को त्याच खेळात कुऱ्हाड घेऊन फिरायचा, आणि तार्मोचा गडी दिसला की एक शब्द न बोलता दोन तुकडे. तार्मो वरवर हसायचा, पण त्याला भाऊ परत हवा होता, आणि भाऊ भेटायची तेवढी एकच जागा उरली होती.

मग त्यानं खेळात साउना बांधला. उत्तरेच्या बर्फात वाफेची लाकडी खोली. हत्यार बाहेर ठेवायचं, मगच आत. साउनात भांडायचं नाही, हे तार्मोच्या मुलखातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तार्मोनं आतल्या सगळ्या आज्ञा बंद केल्या आणि दोनच चालू ठेवल्या: 'बोल' आणि 'दगडांवर पाणी ओत'.

खेळ सांभाळतात वासा नावाच्या गावच्या गुनिल्लाबाई, निवृत्त शिक्षिका. त्यांचा दंडक असा, की स्वतःचा बदल स्वतः मंजूर करायचा नाही. दुसऱ्यानं वाचून होकार द्यायचा. त्यांनी साउना वाचला, नाक मुरडलं आणि होकार दिला.

रविवारी दुपारी तार्मोचा गडी बाकावर जाऊन बसला. थंडीनं अर्धमेला वेइक्को दाराशी आला, कुऱ्हाड ठेवून आत शिरला, तार्मोला पाहिलं आणि तसाच मागे वळला.

'ही आज्ञा इथे चालत नाही,' खेळानं सांगितलं.

बोंबला! 'बाहेर जा' हीसुद्धा आज्ञाच की! करायला गेला गणपती, झाला मारुती. खेळ बंद करून परत आलं तरी माणूस त्याच बाकावर.

"मुद्दाम केलंस ना, गाढवा?" वेइक्कोनं लिहिलं. अबोल्यानंतरचा पहिला शब्द, आणि तो गाढव.

"शप्पथ नाही! एवढी अक्कल असती तर मुद्दाम केलं असतं."

वेइक्कोनं दगडांवर पाणी ओतलं. तार्मोनं त्याहून जास्त ओतलं. पडद्यावर वाफच वाफ.

"पिवळी का रे?"

"धुक्यात तुला काळी होडी दिसत नव्हती. होडीकडे जाताना धक्का चुकून दोनदा दगडांवर धडपडलास. तोंडावर सांगितलं असतं तर फाडून खाल्लं असतंस."

"मला चष्मा आहे."

"त्याच्या काचा मीच बसवल्यात. म्हणून तर म्हणतो."

वेइक्कोनं दगडांवर आणखी पाणी ओतलं.

एव्हाना आत आणखी एक बुटका आणि दोन जादूगार अडकले होते आणि "शिजलो, शिजलो" म्हणून बोंबलत होते. गुनिल्लाबाई धावत आल्या. "तार्मो, चष्मेही असेच बसवतोस का रे?" असं झापून त्यांनी एका ओळीची दुरुस्ती लिहिली. पण होकाराशिवाय दार उघडणार नाही, आणि होकार कोण देणार? तार्मो तर गुन्हेगार. बाकीचे रविवारचे कुठंकुठं गेलेले. उरला वेइक्को; तोही अधूनमधून कोड पाठवायचा.

"ओळीआधी जागा एक जास्त सुटलीये. नामंजूर," वेइक्कोनं कळवलं.

बाईंनी जागा काढली.

"बदलासोबतची टीप त्रोटक आहे. नामंजूर."

बाईंनी दात-ओठ खात टीप वाढवली.

"नीट वाचतोय. घाई नको, दर्जाचा प्रश्न आहे."

तार्मो पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत हे सगळं वाचत होता. वेइक्कोचा स्वतःचा कोड म्हणजे उकिरडा! जन्मात त्यानं कधी ओळीआधीची जागा बघितली नव्हती. तार्मोला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"वेइक्को, ती दुरुस्ती बरोबर आहे रे," त्यानं लिहिलं.

"माहितीये. गप बस आणि पाणी ओत."